शिंपल्याची बिजागरी

जागा एकच होती आणि अर्ज दोघी बहिणींनी केला होता. थोरलीला नकाराची मेल आली, धाकटीला मुलाखतीचं बोलावणं. दोन्ही एकाच सकाळी, एकाच जेवणाच्या टेबलावर.

“ताई, मला बोलावलंय! तुझं काय आलं?”

“आलं माझंही,” म्हणत थोरली उठली आणि आधीच घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. धाकटीला समजायचं ते समजलं. ती गप्प बसली, पण तिचा चेहरा काही गप्प बसेना.

हाडं, शिंपले, स्नायूंच्या दोऱ्या अशा सजीवांनी घडवलेल्या पदार्थांच्या आत नव्या यंत्रांनी डोकावायचं, असं ते काम होतं. पीएचडीनंतरच्या अशा जागा क्वचितच निघतात. थोरलीची पीएचडी कधीच झाली होती. तेव्हापासून ती विद्यापीठाच्या सूक्ष्मदर्शक विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर होती. लोकांनी आणलेले नमुने बघायचे, चित्रं काढून द्यायची, आणि त्यांच्या शोधनिबंधात शेवटी ‘आभार’ म्हणून आपलं नाव वाचायचं. धाकटीला, जिला घरात सगळे ठकी म्हणत, या वाटेला तिनंच लावलं होतं. नमुना कापायचा कसा, हात न थरथरता उचलायचा कसा, सगळं तिनंच शिकवलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात, ती अशी.

ठकीचा विषय होता नदीतला शिंपला. त्याची दोन झाकणं जोडणारी एक चिवट पट्टी असते, दाराच्या बिजागरीसारखी. जन्मभर उघडझाप करूनही ती फाटत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठकीला त्या पट्टीत बारीक, एकाच दिशेनं गेलेल्या फटी दिसल्या होत्या. तिचं म्हणणं असं, की या फटी मुळातच असतात आणि पट्टीवरचा ताण त्यांच्यात जिरतो.

मुलाखतीच्या तयारीसाठी तिनं हे सगळं थोरलीपुढे मांडलं. पडद्यावर चित्र आलं आणि थोरलीला त्यातली खोट लगेच दिसली. त्या यंत्रात नमुना वाळवूनच ठेवावा लागतो, आणि ओली वस्तू वाळली की तडकतेच, तळ्याकाठचा चिखल तडकतो तशी. फटी शिंपल्याच्या नव्हत्याच, वाळवण्याच्या होत्या.

“काही खटकतंय का गं?” ठकीनं विचारलं.

थोरलीनं चित्र थोडं मोठं करून पाहिलं.

“नाही. झकास झालंय.”

आई दारातून म्हणाली, “तुम्ही दोघी अशा एकत्र बसलात ना, की मला बाकी काही नको.” थोरलीनं मान वर केली नाही.

मुलाखत घरूनच, पडद्यावर होती. थोरली शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत कान देऊन बसली. तिला हवा होता तो प्रश्न आलाच. या फटी वाळल्यामुळे पडल्या नसतील कशावरून? थोरलीच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल तसाच राहिला. आतून तिला चक्क बरं वाटत होतं.

मग ठकीचा आवाज आला. “असू शकेल. मी नमुना ओला असताना पाहिलेलाच नाही. हा विचार मला आधी सुचायला हवा होता. तुमच्याकडे आले तर पहिलं काम तेच करीन.”

कुणीतरी हसलं, पण ते कौतुकाचं हसणं होतं. ठकीला जागा मिळाली.

पुढचे दिवस आई फोनवरच होती. “आमची ठकी चालली बरं का! मोठी ना? मोठी आहे इथेच.” ‘आहे इथेच’ हे दोन शब्द थोरलीच्या कानात शिशासारखे ओतले जात. ती तोंडभर हसून ठकीची बॅग भरू लागायची आणि आत नुसता जळफळाट.

“ताई,” मोजे गुंडाळता गुंडाळता ठकीनं विचारलं, “तो प्रश्न तुला नव्हता सुचला?”

“नाही बाई.”

ठकीनं मोज्यांचा गोळा बॅगेच्या कोपऱ्यात दाबला आणि विषय बदलला.

ती गेली. तिचे उरलेले नमुने विभागाच्या फ्रिजमध्ये, पाण्यात ठेवलेले होते. एका दुपारी क्ष-किरणांचं यंत्र मोकळं होतं. त्यात नमुना वाळवावा लागत नाही. पाण्यासकट बारीक नळीत ठेवायचा, यंत्र तो हळूहळू फिरवत चित्रं घेतं. थोरलीनं बिजागरीचा एक तुकडा नळीत सोडला. फटी नाहीत असं चित्र एकदा हातात आलं, की ते ठकीच्या नव्या साहेबांना पाठवायचं, अगदी सहज पाठवल्यासारखं.

चित्र उमटलं. फटी होत्या. वाळवलेल्या नमुन्यातल्यापेक्षा नाजूक, पण तशाच एका दिशेच्या, ओळीनं. तिनं दुसरा तुकडा लावला. त्यातही होत्या. क्षणभर हे कुणाचं काम आहे तेच ती विसरली आणि नुसती बघत राहिली, इतकं ते सुंदर होतं. मग आठवलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. पोरगी चुकतानासुद्धा बरोबर ठरते म्हणजे काय!

चित्र तिनं कुणालाच दाखवलं नाही. अशातच एका संध्याकाळी ठकीचा फोन आला. आवाज रडवेला.

“इथे यंत्रासाठी रांग आहे गं. साहेबांना वाटतं, फटी खोट्याच आहेत. मलाही तसंच वाटायला लागलंय. सोडूनच देते हा विषय.”

हेच तर ऐकायचं होतं! पण ऐकलं आणि थोरलीला त्यात काडीची चव लागली नाही. कानाशी फक्त धाकट्या बहिणीचं मुसमुसणं होतं.

“रडू नकोस. फटी खऱ्या आहेत. मी पाहिल्यात, ओल्या नमुन्यात.”

“कधी?”

“तू गेल्यावर.”

“माझ्यासाठी?”

“नाही,” थोरली म्हणाली. “तुला खोटं पाडायला.”

मग ठकी नाक ओढत हसली. “अगं, लोक दुसऱ्याला पाण्यात पाहतात ते त्याचं वाईट व्हावं म्हणून. तू पाण्यात पाहिलंस आणि माझं भलं करून बसलीस!”

थोरलीलाही हसू आवरलं नाही.

“आणि मुलाखतीच्या आधी? तेव्हा दिसलं होतं ना तुला?”

“हो.”

“माहीत होतं मला. तू माझ्या कुठल्याच कामाला कधी झकास म्हणाली नाहीस. राग आला होता, ताई. अजूनही आहे थोडा.”

“असू दे,” थोरली म्हणाली. “माझाही अजून गेला नाही.”

चित्रं तिनं त्याच संध्याकाळी पाठवली. शोधनिबंध दोघींच्या नावानं निघाला, ठकीचं नाव आधी. थोरलीनं तो विभागात उघडला, पहिलं नाव दोनदा वाचलं. मग दुसरं वाचलं. ते ‘आभारा’त नव्हतं. आईला तिनं स्वतःच फोन करून सांगितलं, आणि आई दोघींची नावं घेऊन रडली.

त्यानंतर थोरलीनं दुसऱ्या एका संस्थेत अर्ज केला. विषय मुद्दाम वेगळा निवडला: अंड्याच्या कवचाआतला पातळ पडदा. मुलाखतीचं बोलावणं आल्यावरच ठकीला सांगितलं.

“अंड्याचा पडदा? काय सुरेख विषय आहे गं! मलाही त्याच्यावर एकदा—”

“खबरदार!” थोरली म्हणाली.