न्हाणीतला तारा

माझे सासरे अप्पा धैर्यवान हे भाडेकरूंच्या स्वयंपाकघरात जाऊन खिडकीपाशी उभे राहतात, ही तक्रार माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. अप्पा म्हणजे ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीचे मालक. सत्तरी उलटलेली, धोतर बगळ्यासारखं, परस्त्रीशी बोलताना नजर जमिनीवर. आणि दुसऱ्या मजल्यावरची कौसल्या हात नाचवून मला सांगत होती,

"वहिनी, वाईट वाटून घेव नकात. पण अप्पा येतत, चाय नको म्हणतत, आणि खिडकी बघत रवतत. मग खिशातून फडको काढून काच पुसतत. ह्यां काय बरां दिसता?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना असं होतंय," मी दडपून दिलं. "नवी नजर आहे, बघू देत चार दिवस."

चार दिवस कसले, दोन वर्षं झाली. अप्पा रोज फडका घेऊन वाडीभर फिरत आणि मी रोज कुणा ना कुणाची समजूत घालत बसे. सासरा माझा आणि माफी मागायचीही मीच.

आता त्या काचांची गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना माझ्या यजमानांची थोडी अब्रू जाईल, पण त्याला माझा इलाज नाही.

अप्पांनी तरुणपणी गच्चीवर दुर्बीण लावली होती. थंडी पडली की ते दुर्बिणीला कॅमेरा जोडून आभाळाचे फोटो काढत, तेही पाटीएवढ्या काचांवर. त्या काचेवर सगळं उलटं उमटतं. आभाळ स्वच्छ आणि तारे काळे. माझ्या सासूबाई जन्मभर म्हणत आल्या की जग बायकामुलांचे फोटो काढतं, आमचा माणूस माश्यांच्या घाणीचे काढतो. काचा मलमलीत गुंडाळून पलंगाखालच्या पेट्यांत ठेवलेल्या असत. दसऱ्याला घरोघरी शस्त्रं पुजतात, अप्पा काचा पुजत. "कोणीतरी जाणता माणूस एक दिवस येईल आणि या मागेल," असं ते म्हणायचे. सासूबाई गेल्या तरी कोणी आलं नाही. बुरशी तेवढी न बोलावता आली.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलं. माझे यजमान अच्युतराव दिवसा सॉलिसिटरकडे कारकून आणि संध्याकाळी वाडीचे पुढारी. आमच्या पोरांनी पोलिसांवर मारलेले दगड नेम धरून आमच्याच खिडक्यांवर बसले. वाडीत एक तावदान धड राहिलं नाही आणि बाजारात काच औषधाला मिळेना. भाडेकरू मालकाच्या दारात आले, तर मालक मोतीबिंदू काढून दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून इस्पितळात. मी बाळंतपणाला माहेरी, शीवला. घरात शहाणं असं कोणीच नव्हतं. अच्युतराव पलंगाखाली वाकले.

लालबागच्या दगडू काचवाल्याने आभाळाचे तुकडे खिडक्यांच्या चौकटींत लांबी भरून पक्के बसवले. तेव्हा बायकांनी विचारलं, काचांवर हे काळे ठिपके कसले? मोर्चापुढे भाषण ठोकायची सवय असलेला माणूस कशाला अडतोय? अच्युतराव म्हणाले, "तीट आहे ती. पुन्हा दगड बसू नये म्हणून मुद्दाम लावून घेतली."

पुढच्या दगडफेकीत खरोखर एकही काच फुटली नाही. मोर्चा आमच्या गल्लीतून गेलाच नव्हता, हे मी वाडीभर सांगून पाहिलं. पण तिटीपुढे माझं कोण ऐकणार?

रिकाम्या पेट्यांत अच्युतरावांनी जुनी वर्तमानपत्रं भरली. अप्पा घरी आले आणि त्यांनी पेट्यांना हातही लावला नाही. दसऱ्यालाही नाही. आम्ही नवराबायको मात्र दर दसऱ्याला पलंगाकडे पाठ करून जेवायचो.

आणि मग अठ्ठावन्नच्या थंडीत तो जाणता माणूस आला.

डॉक्टर कमलाकांत सबनीस, दक्षिणेतल्या एका वेधशाळेतले. गळ्यात टाय, हातात भलंमोठं भिंग. जिन्यातच त्यांनी अच्युतरावांना काम सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी एक तारा एकाएकी भडकला आणि आठवड्याभरात विझला. त्यांच्या वेधशाळेवर तेव्हा ढग होते. मुंबईतल्या कुणा धैर्यवानांनी तो टिपला होता, असं त्यांना एका वृद्ध मित्राकडून कळलं होतं. ती एक काच मिळाली तर त्यांचं कित्येक वर्षांचं अडलेलं संशोधन मार्गी लागणार होतं.

अच्युतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथेच, जिन्यात, सगळं कबूल केलं. मी वरच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला नवऱ्याचा राग आला नाही, एवढं मला अप्पांचं वाईट वाटलं. ज्या माणसाची उभा जन्म वाट पाहिली तो दारात यावा आणि पेटीत रद्दी निघावी. हे मला बघवणार नव्हतं.

"अप्पांना कळायच्या आत शोधू," मी म्हटलं.

कमलाकांतांनी समोरच्याच खिडकीला भिंग लावलं. ते पुटपुटले, "मृग. मृगाचा पट्टा आहे हा. अहो, याच्यामागे कोणीतरी कांदे टांगलेत."

टायवाला माणूस खिडक्या तपासतोय म्हटल्यावर, सरकारने चळवळीतली माणसं हुडकायला सी.आय.डी. पाठवला, अशी आवई उठली. कोणी दारं लावली, कोणी समितीची पत्रकं पिठाच्या डब्यात दडवली. कमलाकांतांनी तावदानं उतरवण्याची गोष्ट काढली मात्र, बायका पदर खोचून गॅलरीत आल्या. "तीट काढायला आलाय मेला!" एकीने ओरडून सांगितलं, आणि बिचारे कमलाकांत मोरीच्या भांड्यांत पाय अडकून खाली बसले.

या गोंगाटात अप्पा फडका घेऊन बाहेर आले.

"सूनबाई, काय गडबड आहे?"

अच्युतराव माझ्यामागे सरकले. शेवटी कमलाकांतांनीच उठून नमस्कार केला आणि कुठली काच हवी ते सांगितलं. मी अप्पांच्या तोंडाकडे पाहण्याचं टाळत होते, म्हणून त्यांचा आवाजच आधी ऐकला. तो अगदी शांत होता.

"ती ना? ती कौसल्याबाईंच्या न्हाणीत आहे."

अच्युतरावांचा आ वासला. "अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"पट्टी सोडली आणि पहिलं काय पाहिलं, तर माझ्याच खिडकीत कृत्तिका," अप्पा म्हणाले. "तुझा गळाच धरणार होतो. मग पाहिलं, पेटीत बुरशी खात होती, इथे ऊनवारा लागतोय. आणि वाडीभरच्या बायका पहाऱ्याला. तीट पुसायची छाती कुणाची? मी कोरड्या फडक्याने धूळ झटकायचो, एवढंच."

मग त्यांचा आवाज खाली आला. "सगळ्या सांभाळल्या. पण परक्या बाईच्या न्हाणीत कसा जाणार? बाकीच्या मोजून झाल्या, तेवढी एक दोन वर्षांत पाहिली नाही, म्हणजे ती तिथेच. आणि नेमकी तीच मागितलीत."

सगळी वाडी कौसल्येकडे वळली. ती गोरीमोरी झाली.

"न्हाणीक कोणाची दृष्ट लागतली?" ती म्हणाली. "मी ती काच रोज घासतंय. राख आणि काथ्यो घेवन."

अप्पा पायरीवर बसले. हातातला फडका त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्या घड्या घालू लागले. इतका नेमाचा माणूस, पण घडी काही जमेना. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. मला सरळ रडू आलं.

कौसल्या आमच्याकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "पण मेले ते डाग जातत खंय? दोन वर्षां घासतंय, दगडूक शिव्या घालतंय, एक डाग जायत नाय."

कमलाकांत धावले ते थेट न्हाणीत. त्यांच्यामागे अच्युतराव, मी, आणि कौसल्येने हाताला धरून आणलेले अप्पा. आत बंब धुमसत होता, दोरीवर परकर वाळत होते, ते कौसल्येने आधी ओढून काढले. कमलाकांतांनी काच बोटाने चाचपली आणि हसायलाच लागले. दगडूने काच उलटी बसवली होती. तारे बाहेरच्या बाजूला, वरच्या छज्ज्याच्या आडोशाला. कौसल्या दोन वर्षं नुसती काचेची पाठ घासत होती.

भिंगाखाली मोहरीएवढा एक काळा ठिपका दिसला. कमलाकांतांनी भिंग अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "हाच. त्या थंडीत मला ताप भरला होता. ही ओरडली म्हणून खाली यायला निघालो होतो, पण तेवढी एक काच लावून मगच उतरलो." ही म्हणजे सासूबाई. मग बराच वेळ त्यांनी भिंग परत दिलं नाही.

"एवढ्याशा डागासाठी माज्या न्हाणीत जत्रा?" कौसल्येने विचारलं.

कमलाकांतांनी तिला नीट समजावलं. एक तारा मेला, मरताना त्याने शेवटचा उजेड टाकला, आणि तो जपून ठेवणारी काच त्यांना तिच्या न्हाणीतच सापडली. कौसल्येने ऐकून घेतलं आणि त्या ठिपक्याकडे पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

सगळ्या काचा कापसात गुंडाळून वेधशाळेत गेल्या. वाडीला नवीकोरी तावदानं बसली, आणि तीट गेली म्हणून बायकांनी आठवडाभर अच्युतरावांशी अबोला धरला. त्यांना बरी अद्दल घडली.

अप्पा सवयीने अजून फडका घेऊन फिरतात. पुसण्यासारखं काही नसतं, तरी पुसतात. परवा कौसल्येने स्वतः येऊन त्यांना वर नेलं. न्हाणी रिकामी, बंब विझवलेला. नव्या काचेवर, त्या ताऱ्याच्या जागी, तिने काजळाचा मोहरीएवढा ठिपका लावला होता.

"आतल्या अंगान लावलंय, अप्पानू," ती म्हणाली. "आता मी घासूचंय नाय."

अप्पांनी फडका काढला आणि ठिपक्याला धक्का न लावता भोवतालची काच पुसून दिली.