सतरा छिद्रांची मीठदाणी

सतरा छिद्रं घेऊन जन्मलेली मी एक जुनी मीठदाणी आहे. मित्रांनो, आज त्यातली पाचच उघडी आहेत. उरलेल्या बारांवर कथिलाचे करडे ठिपके आहेत. ते कसे पडले, हे मी तुम्हांला सांगणार आहे. सांगताना पदरचं तिखट-मीठ लावणार नाही, कारण जास्तीच्या मिठाने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

माझं अंग जाड काचेचं आणि टोपण पितळेचं. त्या टोपणाला एका बाईने हाताच्या दाबयंत्रावर छिद्रं पाडली: मधोमध एक, त्याभोवती सहा आणि कडेने दहा. मग तिने मला भरलं, आपल्या तळहातावर एकदा झटकलं, जिभेचं टोक लावलं आणि म्हणाली, "जमलं." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मी ज्या खानावळीत आले ती लोखंड ओतण्याच्या कारखान्यासमोर होती. सहा टेबलं, दारावर जाळी आणि आत सतत वाफ. मालक स्वतः रांधत आणि स्वतःच वाढत. हातात पळी घेऊन ते प्रत्येक खुर्चीमागे थांबत आणि विचारत, "आणखी?" समोरचा "पुरे" म्हणेपर्यंत पळी थांबत नसे आणि "पुरे" म्हटल्यावर एक थेंबही जास्त पडत नसे. चाळीस वर्षं हा एकच नियम त्या खानावळीत होता.

माझी जागा भिंतीलगतच्या टेबलावर होती. भट्टीवर काम करणारे तिथे बसत. त्यांच्यातला एक उंच, काळासावळा माणूस रोज माझ्याशेजारी जेवायचा. सगळे त्याला भट्टीवाला म्हणत. दुपारी तो आला की त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उठलेले असत. तो मला रश्श्यावर तीनदा झटकायचा. सगळ्या गिऱ्हाइकांचं आटोपलं की मालकही त्याच टेबलावर जेवायला बसायचे. तेही तीनदाच झटकायचे. दोघांच्या हातात मी सारखीच होते. दोघांच्या अंगात मात्र माझं मीठ सारखं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

मालकांना एकच मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, म्हणून ती याच टेबलांवर अभ्यास करून मोठी झाली. पुढे ती रसायनशास्त्र शिकली. एके दिवशी तिने मला रुमालात गुंडाळून प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या तराजूवर तिने माझा प्रत्येक झटका मोजला. तिने शंभर झटके मोजले आणि सरासरी काढली. मग चिकटपट्टीने बारा छिद्रं झाकून पुन्हा शंभर झटके मोजले. आता पडणारं मीठ तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतं. तिचे डोळे चमकले. त्या वर्षी मालकांचा रक्तदाब पहिल्यांदा वाढलेला निघाला होता आणि तिला त्यावर उपाय सापडला होता.

शिक्षण संपल्यावर तिला सरकारच्या आरोग्य खात्यात नोकरी लागली. तिने ती मोजणी कागदावर मांडली. तो कागद वर गेला, आणखी वर गेला आणि दोन वर्षांनी हुकूम होऊन खाली आला. जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाणीला पाचाहून अधिक छिद्रं असू नयेत. असल्यास परवाना रद्द.

मालकांनी तो हुकूम सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"म्हणजे आता सरकार आमच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसणार," भट्टीवाला म्हणाला. "बसू दे. पण रस्सा त्यानं आणावा."

सगळे हसले. मालक हसले नाहीत. कागदाखाली सही कुणाच्या साहेबांची आहे ते त्यांना माहीत होतं.

"आण तुझी कथिलाची कांडी," ते भट्टीवाल्याला म्हणाले. "पोरीच्या खात्याचा हुकूम आहे. माझ्या खानावळीत तो मोडायचा नाही."

भट्टीवाल्याने सहाही टेबलांवरच्या मीठदाण्यांची छिद्रं बुजवली, माझी बारा. तापलेलं कथील टोपणावर टपटप पडत होतं. मला वेदना झाल्या असं मी म्हणणार नाही, काचेला आणि पितळेला वेदना कुठून होणार? पण दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर एक नवा आवाज सुरू झाला. पूर्वी तीन झटक्यांत भागायचं, आता दहा लागू लागले. मग रागाने बारा, मग सवयीने पंधरा. सहाही टेबलांवरून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखडाट होई.

आणि मालक? ते हुकूम मोडत नव्हते. पाच छिद्रांची मीठदाणी टेबलावर होती. जेवायला बसले की ते फक्त माझं टोपण काढत आणि चमच्याने मीठ घेत. टोपण काढू नये असं हुकुमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पूर्वी ते जेवढं खात त्याच्या दुप्पट मीठ आता त्यांच्या ताटात पडू लागलं. त्यातलं निम्मं त्यांना आवडतही नसावं, कारण पहिल्या घासाला त्यांचा चेहरा आंबट होई. तरी ते खात.

मुलगी खात्याच्या कामाने महिनोन् महिने फिरतीवर होती. परतली ती थेट भर दुपारी खानावळीत. कोपऱ्यात बसून ती कितीतरी वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिने वही काढून झटके मोजायला सुरुवात केली. भट्टीवाल्याचे सोळा झाले तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, लिहा की," तो म्हणाला. "सदरा दाखवू का पाठीवरचा? माझ्या अंगातून मीठ धो धो जातं. मालकांच्या अंगात ते साठतं. तुमच्या कागदाला आम्ही दोघं एकच."

तिने वही मिटली. तेवढ्यात मालक ताट घेऊन आले, बसले आणि तिच्या समोर त्यांनी माझं टोपण फिरवून काढलं.

"बाबा, पाय बघा किती सुजलेत."

"पाय माझे आहेत."

"आणि बाप कुणाचा?"

चमचा माझ्यात अर्ध्यावर थांबला. मला वाटलं, आता तो रिकामाच बाहेर येईल. पण मालक हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी चाळीस वर्षं लोकांना विचारून वाढलं. तुमच्या कागदानं मला एकदा तरी विचारलं? तू विचारलंस?"

चमचा भरून बाहेर आला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मुलीने मला हातात घेतलं आणि माझ्या टोपणावरून अंगठा फिरवला. "छिद्रं मोजली," ती स्वतःशीच म्हणाली, "हात मोजायचा राहिला."

पुढल्याच आठवड्यात, सकाळी रस्सा ढवळताना मालकांच्या उजव्या हातातून पळी गळून पडली. त्यांनी ती उचलायला हात नेला, पण हाताने ऐकलं नाही. भट्टीवाल्याने त्यांना खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. कधीकधी एक शब्द उच्चारायलाही त्यांना मिनिट लागे.

मुलीने रजा घेतली आणि पळी हातात धरली. मला तिने सर्वांत उंच फळीवर, रिकाम्या डब्यांमागे ठेवलं. तिथे माझ्यावर धूळ बसली, वाफेने आतलं मीठ दगडासारखं घट्ट झालं. डब्यांच्या फटीतून मला खालचं दिसे. मालकांसमोर अळणी रस्सा येई. ते दोन घास खात आणि वर फळीकडे बघत. मग ताट डाव्या हाताने दूर सारत. दिवसागणिक त्यांचं मनगट बारीक होत चाललं. डॉक्टर म्हणाले, मीठ नको हे खरं, पण अन्न तर पोटात गेलं पाहिजे. मुलीने गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, एकदा रडूनही पाहिलं. मालकांचे घास दोनच राहिले.

मग एका दुपारी तिने स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं. धुतलं, पुसलं, कोरडं मीठ भरलं. भिंतीलगतच्या टेबलावर मालक बसले होते, शेजारी भट्टीवाला जेवत होता. तिने मला मालकांच्या डाव्या हातात ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून माझ्याभोवती मिटवली. मग त्यांच्या खुर्चीमागे, पळी घेऊन उभं राहावं तशी उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हांला ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली. "मला काय वाटतं तेही ठाऊक आहे. आता विचारते. किती?"

 मालकांनी मला उलटं केलं आणि एकदा झटकलं. डाव्या हाताला सवय नव्हती. निम्मं मीठ टेबलावर सांडलं. मी दुसऱ्या झटक्याची वाट पाहिली. मुलीनेही पाहिली असेल, पण ती खिडकीबाहेर बघत होती. जन्मात पहिल्यांदा ती मोजत नव्हती.

दुसरा झटका आला नाही. मालकांनी मला टेबलावरून घसटत भट्टीवाल्याच्या ताटापाशी सरकवलं.

"ह्याला... दे," ते म्हणाले. मग जड जिभेने एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "मला... पुरे."

भट्टीवाला खाली मान घालून जेवत राहिला. त्याने मला झटकलं नाही. त्याच्या ताटात त्या दिवशी खारं पाणी आधीच पडलं होतं.

मुलीने खात्याला पत्र पाठवलं. आपली मोजणी अपुरी होती, असं तिने त्यात सरळ लिहिलं. बंद पाकिटातल्या तयार अन्नात किती मीठ असावं त्यावर जरूर मर्यादा घाला, कारण ते खाणाऱ्याच्या नकळत पोटात जातं. पण टेबलावरच्या माणसाला आधी सांगा आणि मग विचारा, असंही लिहिलं. त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. भट्टीवाला माझी छिद्रं मोकळी करून द्यायला तयार आहे, पण हुकूम कायम आहे आणि मालक अजूनही मान हलवून नको म्हणतात. म्हणून माझे बारा ठिपके तसेच आहेत.

मित्रांनो, माझ्यातलं मीठ चिमूटभर असलं तर अन्नाला चव येते आणि मूठभर झालं तर माणूस जातो. म्हणून ज्यांना माझी भीती वाटते त्यांना मी कधी वेडं म्हणणार नाही. तुमच्याही घरी कुणाचे पाय सुजत असतील, कुणाला धाप लागत असेल. त्यांना जे ठाऊक नसेल ते नीट समजावून सांगा. पुन्हा पुन्हा सांगा, कंटाळू नका. पण त्यांच्या हातातून मला हिसकावून उंच फळीवर ठेवू नका. त्यांच्या खुर्चीमागे थोडा वेळ उभे राहा, विचारा आणि "पुरे" हा शब्द त्यांच्याच तोंडून येईपर्यंत वाट बघा. तो कधीकधी फार हळू येतो.