सुयांचं टेबल

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या आमच्या लाँड्रीत मॅनेजरने मोबाइलवर ‘भिंत’ आणली. कामाची रीत बदलावीशी वाटली तर कुणीही भिंतीवर सूचना लिहायची. वीस जणांनी अंगठा दिला की तो नियम. “आता इथे साहेब कुणी नाही, सगळेच साहेब,” मॅनेजर म्हणाला. पगार मात्र साहेबाचा एकालाच मिळत राहिला.

आठवडाभरात अंगठ्यांचा बाजार भरला. शेजारणीच्या वाटीभर साखरेसारखाच अंगठा, घेतला की परत करायचाच. कुणी दिला नाही, हे लोक बरोबर ध्यानात ठेवत.

दोघी जावा आमच्याकडे कामाला होत्या. थोरली सुयांच्या टेबलावर होती. मळकी चादर मशीनकडे जाण्याआधी झटकायची, चाचपायची, घडीत राहिलेली सुई काढायची. अकरा वर्षं. धाकट्या जावेला तिनेच इथे चिकटवलं. धाकटी मशीनच्या तोंडात चादरी कोंबायची. तिला सातवा महिना लागला होता, पाय चपलेत मावत नव्हते. तिने भिंतीवर लिहिलं: मशीनपाशी एक खुर्ची ठेवावी. पहिला अंगठा थोरलीचा. मग गाडी चौदावर अडली.

त्याच सुमारास इस्त्रीवरच्या घाईरावाने लिहिलं: ‘वॉर्डात सुया डब्यातच टाकतात. मग टेबल कशाला? गठ्ठ्यामागे चार मिनिटं वाचतील, सगळे लवकर घरी.’ अंगठे एकोणीस.

तो धाकटीजवळ आला. “वहिनी, माझ्याकडे सहा जण आहेत. खुर्ची उद्या आलीच समजा.”

“आणि आमच्या ताई?”

“त्यांना कोण काढतंय? घड्या घालायला बसवतील. तुम्ही काय बाळंत होईपर्यंत उभ्याच राहणार?”

धाकटीने संडासात जाऊन अंगठा दिला. भिंतीवर नावं दिसतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

संध्याकाळी थोरली एवढंच म्हणाली, “बस. पाय बघू तुझे.”

घड्यांवर जागा नव्हती. महिनाअखेरीस थोरली घरी बसली. “मी नाही काढलं,” मॅनेजर म्हणाला, “वीस जणांनी काढलं.” हिशेब चोख होता.

तिसऱ्या आठवड्यात धाकटी खुर्चीत बसून चादर ओढत होती, तेव्हा उजव्या तळहातात सुई घुसली. कुणाची, कुठल्या वॉर्डातली, काही कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांनी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, सहा आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

“आणि बाळ?”

“आत्ताच काही सांगता येत नाही.”

घरी येऊन तिने डाव्या हाताने लिहिलं: ‘सुयांचं टेबल परत आणा. ताईंनाही.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याखाली चव्वेचाळीस रडके चेहरे जमले. ‘काळजी घे गं.’ ‘वाचून पोटात कालवलं.’ घाईरावाने लिहिलं, ‘वहिनी, जाड हातमोजे सुचवा, लगेच अंगठा देतो.’ लोक आता अर्धा तास लवकर घरी जात होते.

थोरली बाळासाठी जुन्या चादरीचे तुकडे करत होती. प्रत्येक तुकडा दोनदा चाचपून बाजूला ठेवत होती.

“अंगठे किती झाले?”

“अकरा.”

“माझा धर. बारा.”

“ताई, तुमचं खातं त्यांनी बंद केलंय.”

थोरलीने पुढचा तुकडा हातात घेतला. “मग अकराच,” ती म्हणाली.