कोपरा फाटलेलं कार्ड

भिंगारच्या छावणीला खाकी शर्ट पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे गहिनीनाथ शिंपी दिवसभर मशीन मारायचा, पण त्याचा जीव खाकीत नव्हता. उमेदीची अठरा वर्षं त्यानं एका संगीत नाटक मंडळीच्या कपडेपटावर काढली होती. बोलपट आले, मंडळी मोडली, माणसं पांगली. कोणी मठात जाऊन पडलं, कोणी लेकीच्या दारात. अशा माणसांचा पत्ता लागला की हा त्यांना जबाबी कार्ड टाकायचा. एका कार्डावर खुशाली विचारायची, त्याला जोडलेल्या कोऱ्या कार्डावर आपलाच पत्ता घालायचा आणि विनवायचं, 'स्वहस्ते दोन ओळी लिहाव्या, खाली सही करावी.'

आलेलं उत्तर तो खळीनं वहीत चिकटवायचा. वहीला त्यानं जुन्या शालूच्या काठाचं वेष्टण शिवलं होतं. एकानं सहीखाली लिहिलं होतं, 'गळा गेला. आता देवळात घंटा वाजवतो.' दुसऱ्यानं अंगातली एखादी जुनी बंडी मागितली होती. तिसऱ्याच्या सहीतली अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली होती, कारण त्याला दिसत नव्हतं. चांगुणाला वाचता येत नव्हतं, पण नवरा वाचून दाखवायचा तेव्हा वाती वळता वळता तिचेही डोळे भरायचे.

वहीचं पहिलं पान मात्र त्यानं कोरं ठेवलं होतं. ते दिगंबरबुवा वांबोरीकरांचं.

बुवा बायकांची कामं करायचे. त्यांनी जसा पदर घेतला तसा दुसऱ्या दिवशी नगरच्या बायका घ्यायच्या. "अठरा वर्षं नेसवलं मी त्यांना," गहिनीनाथ म्हणायचा, "पण रोज दिसणाऱ्या माणसाची सही कोण मागतं?" मग एका प्रयोगात बुवांच्या निऱ्या सुटल्या. प्रेक्षक हसले. आत येऊन बुवांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. हा दुसऱ्या दिवशी कात्री उचलून निघून आला. त्याला चौदा वर्षं झाली. यंदा ज्येष्ठात कळलं, बुवांचे पाय गेलेत, जामखेडला एका देवळाच्या ओवरीत पडून असतात. त्याच दिवशी त्यानं कार्ड टाकलं.

"तेवढं एक पान भरलं की मी डोळे मिटायला मोकळा," तो म्हणाला.

"मोठे आलात डोळे मिटणारे," चांगुणा म्हणाली. "आधी माझा नंबर. मी सवाष्ण जाणार आहे."

पोस्टमन आसारामला ही गोष्ट ठाऊक होती. दारावरून जाताना तो ओरडायचा, "वहिनी, तुमची सवत अजून रुसलीच हाय बरं का! आजबी कार्ड न्हाई!" चांगुणा पदराआड हसायची.

श्रावण लागला आणि गहिनीनाथाला थंडीतापानं धरलं. तिसरा दिवस आला की अंथरूण थडथडायचं. तापात एकच विचारायचा, "आलं का गं?"

चांगुणानं त्या चातुर्मासात लक्षवातींचा नेम धरला होता. रोजच्या ठरलेल्या वाती तुपात भिजवायच्या, महादेवापुढं लावायच्या, तोवर तोंडात पाणीही घालायचं नाही. लढाईच्या दिवसांत तूप कसं मिळवायची ते तिचं तिला ठाऊक. एक दिवस खंड पडला तर सगळा नेम वाया, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या सोमवारी ती सोवळ्यानं तबक घेऊन निघालीच होती. दारात आसाराम उभा. आज तो ओरडला नाही.

"वहिनी, कार्ड हाय. जामखेडचा शिक्का हाय." त्यानं खाली पाहिलं. "पन कोपरा फाटल्याला हाय."

चांगुणा उंबऱ्यातच थांबली. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडून धाडतात. हाती पडताच कळावं म्हणून. असं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, वाचून फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. आणि मरणाची बातमी कानावर पडली की त्या दिवसाचा नेम खंडला.

"वाचून दाखवू का?" आसाराम म्हणाला.

"नको भाऊ." तिनं तबक छातीशी धरलं. "वाती भिजवून झाल्यात. ठेवा तिथंच, त्या दगडाखाली."

ऐकलं नाही तर कळलं नाही, आणि कळलं नाही तर नेम मोडला नाही. एवढाच विचार तिच्या मनात आला. खोटं कशाला बोला, तेव्हा तो तिला पुण्याचाच वाटला.

महादेवापुढं तिच्या वाती नीट लागल्या. परत आल्यावर तिनं दगडाखालचं कार्ड काढलं, तुकडे केले, अंगणातल्या चुलवणात घातले आणि त्यावरच तापलेल्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. ओल्या केसांनी आत गेली तर गहिनीनाथानं विचारलं, "आलं का गं?"

"नाही आलं," ती म्हणाली. तापात असलेल्या माणसाला कसं सांगायचं?

त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला ती परसात दक्षिणेकडे तोंड करून बुवांच्या नावानं एक दिवा लावू लागली. ज्याला कोणी नाही त्याला निदान एवढा उजेड तरी.

अकराव्या दिवशी ताप उतरला. पेज पोटात राहिली. तेव्हा तिनं हळूच सांगितलं, "बुवा गेले हो. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी कार्ड आलं होतं. कोपरा फाटलेलं. मी रीतीप्रमाणं केलं सगळं."

गहिनीनाथानं पेजेची वाटी खाली ठेवली. मग एकदम त्यानं विचारलं, "कार्ड आपलंच होतं? माझ्या अक्षरातल्या पत्त्याचं?"

"आसारामभाऊ जामखेडचं म्हणाले. आपलंच असणार."

"कोणता कोपरा?"

"खालचा. असा तिरका."

तो भिंतीला धरून उठला. "अगं, बुवांच्या हाती गेलेल्या कागदाचा कोपरा कधी शाबूत राहिलाय का? भूमिकेची नक्कल असो, जाहिरात असो, कोपरा फाडायचे, त्याची काडी वळायचे आणि तिनं डोळ्यांत काजळ घालायचे. सगळी मंडळी हसायची त्यांना. कार्डावर लिहिलं काय होतं?"

"वाचायला कोणी नव्हतं," चांगुणा म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि तिला आपलीच जीभ परकी वाटली.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं पहाटेच वाती लावल्या, उद्याच्या पदरात बांधून घेतल्या, आणि जामखेडची मोटार मिळाली. पेट्रोल नव्हतं, कोळशावर चालणारी. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. अंगात ताकद नसलेला गहिनीनाथही उतरायचा. चांगुणानं मुकाट्यानं नाव घेणं चालवलं होतं, पण देवाच्या नावामागून आसारामचाच आवाज यायचा, वाचून दाखवू का?

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ओवरी शेणानं सारवलेली होती, ओली. देवळाची झाडलोट करणारी लंकाबाई हात धूत उभी होती.

"तुमी भिंगारचे गहिनीनाथ का?" तिनं विचारलं. "आता आलाव? काल सकाळीच गेले की वो. गावानं चार लाकडं गोळा केली."

गहिनीनाथ ओल्या ओवरीवरच बसला.

"रोज मोटारीच्या टायमाला म्हनायचे, लंके, मला भिताडाला टेकव. कागदाची काडी व्हती, तिच्यानं काजळ घालायचे. मी म्हनलं, म्हाताऱ्या, लगीन हाय का तुजं? तर म्हनले, गहिनी येनार हाय, त्याच्यापुढं असं भुंडं कसं बसू?" लंकाबाईनं डोळे पुसले. "ते कारड तीन दिस लिवत व्हते. मला इतक्यांदा वाचून दाखिवलं की पाठ झालंय."

"काय होतं?" गहिनीनाथानं विचारलं.

लंकाबाई पोथी म्हणावी तशी उभी राहिली. "'गहिनी, ज्या हातानं तुला मारलं त्याच हातानं खाली सही केली आहे. आता मला येऊन ने. तुझ्या घरात एक कोपरा पुरे.'"

चांगुणानं तोंडात पदर कोंबला.

परत भिंगारला आल्यावर गहिनीनाथानं तिला एका शब्दानं दुखावलं नाही. ते तिला जास्त जड गेलं. चौथ्या दिवशी तो पाटावर सहा कार्डं घेऊन बसला. मंडळीतली सहाच माणसं उरली होती, त्यांना बुवांचं कळवायचं होतं. वही बाजूला उघडी होती. पहिलं पान कोरं.

लिहून झालेली कार्डं त्यानं तिच्याकडे सरकवली. कोपरे फाडून आसारामकडे द्यायची होती. तिनं पहिलं कार्ड उचललं. बोटं चालेनात.

"अहो," ती म्हणाली, "वाचायला माणूस होतं. आसारामभाऊ वाचून दाखवतो म्हणाले होते. मीच नको म्हणाले. माझ्या वाती भिजल्या होत्या."

गहिनीनाथानं हातातला टाक दौतीशेजारी ठेवला. बाहेर कोणाच्या तरी मशीनची खडखड चालू होती. मग त्यानं तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि बाकीच्या पाचांवर ठेवलं.

"कोपरे राहू दे," तो म्हणाला. "आधी वाचू दे त्यांना."

कार्डं घेऊन तो स्वतःच पोस्टात गेला. चांगुणा तिथंच बसून राहिली. तबकात त्या दिवशीच्या वाती वळून ठेवल्या होत्या. दुपार टळली, तरी तिनं त्यांना तूप लावलं नाही.