रानफुलांची वाट आखणारी दोरी

मी एक जुनी सुती दोरी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे. गोड बोलून ती झाकायची माझी इच्छा नाही.

गवंडी लोक मला लाइनदोरी म्हणतात. भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकायचे, त्यांच्यामध्ये मला ताणायचं आणि माझ्या रेषेत विटा लावत जायचं, एवढंच माझं काम. ज्या कारखान्यात मला पीळ घातला, तिथलं फारसं काही आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते मिस्त्रींच्या पिशवीत. मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं हिंडले. आम्ही दोघांनी शाळा बांधल्या, दवाखाना बांधला, किती घरं बांधली ते विचारू नका. हाताखालच्या माणसांना ते म्हणायचे, "डोळा फसवेल, दोरी फसवत नाही." ते ऐकून मी ताठ व्हायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मी तर तेव्हा धडधाकट होते, मग माझा पीळ केवढा असेल बघा.

मिस्त्रींनी काम सोडलं आणि मी मोरीमागच्या खिळ्यावर गेले. कुणी विचारेना. एका टोकाला उंदीर लागला. मी मनाशी म्हटलं, संपलं आपलं.

घरात दुसरंच काही संपत चाललं होतं. मिस्त्रींच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणते. काकूंना आठवेनासं झालं होतं. त्या घरातून निघायच्या आणि परतीची वाट विसरायच्या. एकदा दूधवाल्याला त्या बस डेपोत सापडल्या. दुसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला पडलेल्या सापडल्या, मांडीचं हाड मोडून. हाड जुळलं, हातात वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर बिछाना धरतील. पण चालवायचं कुठे? दाराला कडी लावली की त्या आतून दार बडवत बसायच्या. मिस्त्री बाहेर कानांवर हात ठेवून उभे राहायचे.

लेक आली. तिने एका आश्रमात आईसाठी जागा बघून ठेवली होती. "बाबा, पुढच्या वेळी सापडलीच नाही तर?" ती म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं.

"परसात फुलं येईपर्यंत थांब," मिस्त्री म्हणाले. "दोन-अडीच महिने दे मला."

त्यांना परसात एक वाट आखायची होती. भूलभुलैया नव्हे, त्यात माणूस चुकतो. ही वाट एकच. वळसे घेत घेत मध्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने बाहेर यायचं. चुकायला जागाच नाही. दोन्ही बाजूंना भिंतीऐवजी रानफुलांचे पट्टे, म्हणजे काकूंना कोंडल्यासारखं वाटणार नाही.

बी काकूंचंच होतं. मिस्त्री जिथे पाया खणायला जायचे, तिथे आदल्या दिवशी काकू जायच्या आणि रानफुलांचं बी औषधाच्या रिकाम्या डब्यांत भरून आणायच्या. त्या जागांवर आता घरं उभी आहेत. ते बी पुन्हा मिळणार नव्हतं.

मग मिस्त्रींनी मला खिळ्यावरून उतरवलं. काय सांगू, माझा जीव सुपाएवढा झाला. परसाच्या मधोमध खुंटी ठोकली, माझं एक टोक खुंटीला बांधलं आणि वॉकरच्या मापाने अंगावर गाठी मारल्या. वॉकर दोन फुटांचा, वाट अडीच फुटांची. एकेक गाठ धरून मिस्त्री खुंटीभोवती फिरायचे आणि चुन्याची फक्की टाकत जायचे. पहिल्या दिवशी आतली वर्तुळं झाली. जमीन दगडासारखी होती, म्हणून संध्याकाळी त्यांनी तिच्यावर भरपूर पाणी सोडलं. थकव्याने मला उचलायचं राहिलं. मी चिखलात पडून राहिले.

मित्रांनो, सुती दोरी भिजली की आखडते. मिस्त्रींसारख्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण भिंतीला फक्त सरळ रेष लागते. दोरी आखडली तरी रेष सरळच राहते. माझ्या लांबीवर त्यांनी उभ्या जन्मात कधी माप घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच मला ताणलं आणि बाहेरची वर्तुळं आखली. ती सगळी आत सरकली. आतल्या आणि बाहेरच्या वर्तुळांच्या मधली वाट अर्ध्या फुटाने अरुंद झाली. मला अंगात ओढ जाणवत होती, गाठी जवळ आलेल्या कळत होत्या. पण मला तोंड कुठे आहे? मिस्त्रींनी बी वाळूत मिसळलं, आखलेल्या पट्ट्यांत पेरलं आणि रिकाम्या डब्या धुऊन ठेवल्या.

रोपं आली, गुडघ्याएवढी झाली, पिवळी-जांभळी फुलली. लेक आली त्याच सकाळी काकूंना पहिल्यांदा वाटेवर आणलं. मी कुंपणावर लटकत होते. पहिला वळसा छान झाला. दुसरा झाला. काकू चक्क गुणगुणत होत्या. मग त्या मधल्या वाटेवर वळल्या आणि वॉकरचे पाय दोन्हीकडच्या रोपांत अडकले. पुढे जाईना, मागे येईना. काकूंची पाचावर धारण बसली. "मला घरी जायचंय," त्या रडायला लागल्या, आपल्याच परसात, घरापासून वीस पावलांवर.

 लेक आत गेली आणि आईचे कपडे बॅगेत भरायला लागली.

मिस्त्री गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांनी ते वाटेकडेची रोपं उपटायला लागले, मुळासकट, फुलांसकट.  काकूंचं रडणं थांबलं. त्यांनी वाकून मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो माळीदादा, तण नाही ते," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना विचारल्याशिवाय उपटू नका."

मिस्त्रींचे हात थांबले. हातातली रोपं त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं. विचारतो."

ते उठले. वॉकर त्यांनी रोपांवरून उचलून बाहेर ठेवला. काकूंच्या समोर उभे राहून त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलट्या पावलांनी, मागे न बघता, चालू लागले. एका माणसामागे एक माणूस जाण्याएवढी वाट होतीच. दोघं मध्यापर्यंत गेली आणि परत आली. दारात बॅग घेऊन उभी असलेली लेक ते बघत होती. तिने बॅग खाली ठेवली. "एक महिना बघू, बाबा," ती म्हणाली. "पण एक महिनाच."

त्यातले एकोणीस दिवस मिस्त्री काकूंना रोज असंच धरून उलटे चालले. मिस्त्रींचे गुडघे सुजले आहेत आणि ते कुणाला दाखवत नाहीत.

मित्रांनो, मला भिजत टाकू नका, कोरडी ठेवा, हे तर मी सांगतेच. पण त्याहून एक मागणं आहे. कुणासाठी वाट आखाल, तेव्हा नुसती दोरी लावून मोकळे होऊ नका. बी पेरायच्या आधी त्या माणसाला तिच्यावरून एकदा चालवून बघा. मिस्त्रींनी तेवढं केलं असतं, तर आज काकू वॉकर घेऊन चालल्या असत्या आणि मिस्त्री बाकावर बसून त्यांच्याकडे बघत असते.