तळ्याची फेरी लांबली तेव्हा

मी एक जुना पेडोमीटर आहे, मित्रांनो. पेडोमीटर म्हणजे पावलांवरून अंतर सांगणारं यंत्र. दिसायला मी खिशातल्या घड्याळासारखा, पण माझी जागा कमरेच्या पट्ट्यावर. माझ्या पोटात एक छोटा लोलक आहे. माणसाने पाऊल टाकलं की तो टिक्‌ करतो आणि तबकडीवरचा काटा केसभर पुढे सरकतो. एवढीच माझी विद्या. त्या विद्येच्या जोरावर मी चौदा वर्षं मान मिळवला आणि तिच्याचपायी एके दिवशी वेड्यात निघालो. ते कसं झालं हे सांगायला बसलोय खरा, पण मधेमधे माझाच गोंधळ उडेल. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझी केसासारखी स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरून हलवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "बोलतोय गं!" जन्मल्या जन्मल्या आपल्याला कोणी असं म्हणावं, यापरतं भाग्य कोणतं? त्या बाईंचे हात मला अजून आठवतात. देव त्यांचं भलं करो.

तिथून मी आलो मावशीकडे. खरी मावशी ती एका भाचीचीच, पण छापखान्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिचं काम होतं प्रवासाची पुस्तकं लिहिण्याचं. गावाला गेलं तरी ज्यांना चालणं चुकवायचं नाही, जिभेला आवर घालायचा आहे, डॉक्टरांना दिलेला शब्द पाळायचा आहे, अशा लोकांसाठी. कुठली वाट किती लांब, चढ कुठे, बाक कुठे, प्यायचं पाणी कुठे, कोणत्या खाणावळीत भाजी उकडून मिळते, कोणत्या मुक्कामाच्या खोलीत हात पसरून व्यायाम करण्याएवढी जागा आहे, हे सगळं ती स्वतः जाऊन बघायची. प्रत्येक वाट तीनदा चालायची: सकाळी ताज्या पायांनी, मग जेवण झाल्यावर आणि शेवटी दमलेली असताना. "पुस्तक वाचणारा माणूस दमलेलाच असतो," असं ती म्हणे.

मी आलो त्याच दिवशी तिने घरातल्या बोळात टेप पसरली. भिंतीवर एक लाल रेघ मारली, तिथून सरळ दहा पावलं चालली आणि जिथे थांबली तिथे दुसरी रेघ मारली. बरोबर सात मीटर भरले. मग माझ्या पाठीवरचा बारीक स्क्रू फिरवून तिने मला सांगितलं, "लक्षात ठेव हं, माझं एक पाऊल म्हणजे सत्तर सेंटीमीटर." मी ते लक्षात ठेवलं. पुढे भाचीने तो बोळ दोनदा रंगवला, पण त्या दोन रेघांना मावशीने हात लावू दिला नाही.

काय ते दिवस होते, मित्रांनो! मावशी चालताना देवाचं एखादं गाणं गुणगुणायची आणि माझा लोलक त्याच ठेक्यात डुलायचा. कधी ती प्रार्थनेला बसली की गाण्यात रंगून बसल्या जागी डोलायची. मला वाटायचं, चालतेय. मी आपला काटा पुढे ढकलायचो. घरी आल्यावर भाची ओरडायची, "मावशी, बसून दीडशे मीटर?" मावशी हसून म्हणायची, "असू दे गं. देवाच्या दारी तेही चालणंच." तिच्या पुस्तकांच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. मावशीचा आकडा म्हणजे आकडा, असं लोक म्हणत. त्या आकड्यात माझाही वाटा होता.

आता पुढचं ऐका. इथूनच माझं डोकं गरगरायला लागतं.

बाराव्या आवृत्तीसाठी आम्ही सगळ्या जुन्या वाटा पुन्हा चाललो. पहिली वाट तळ्याच्या फेरीची. अकरा आवृत्त्यांत ती तीन किलोमीटर दीडशे मीटर होती. यंदा माझा काटा पावणेचारच्याही पुढे गेला. मी चपापलो. दुसऱ्यांदा चाललो, तेवढंच. तिसऱ्यांदा त्याहून थोडं जास्त. टेकडीची वाट लांबली, बागेची लांबली, दवाखान्यामागची गल्लीसुद्धा लांबली. मी एकही टिक्‌ जास्तीचा केला नव्हता, शपथेवर सांगतो. मग रस्ते वाढले कसे? झाडं वाढतात, मुलं वाढतात, हे मला ठाऊक होतं. रस्ते वाढल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणखी एक गोष्ट मला उमगत नव्हती. मावशी हल्ली गुणगुणत नव्हती आणि चालताना मी एका बाजूला कलायचो, जणू पट्टा सैल झालाय. पण पट्टा तर घट्ट होता.

मावशीने आकडे तसेच लिहून पाठवले. संपादक लगेच घरी आले. पानोपानी टाचणीने चिठ्ठ्या टोचायची त्यांना सवय, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना टाचणी म्हणत.

"मावशी, तळं फुगलं की काय?"

"तळं कशाला फुगेल? रस्ता वळवला असेल. नवं कुंपण घातलंय तिथे."

"कुंपण घातलं म्हणून सहाशे मीटर? हा माझ्या मोबाइलवरचा नकाशा बघा. तीन किलोमीटर दीडशे. अहो, आठ दिवसांनी छपाई आहे. लोक तुमच्या आकड्यावर औषधाच्या वेळा ठरवतात!"

"मला माहीत नाही का ते?" मावशी एकदम तडकली. तिचा हात गुडघ्यावर होता. मला वाटलं, रागाने ठेवला असेल.

भाची त्या पुस्तकांचे नकाशे काढायची. ती म्हणाली, "थांबा, मी चालून बघते." तिने मला आपल्या कमरेला लावलं आणि लांब ढांगा टाकत तळ्याला झपाझप फेरी मारली. काटा पावणेतीनच्या जरा पुढे जाऊन थांबला. मावशीच्या कमरेला पावणेचार, भाचीच्या कमरेला पावणेतीन, मोबाइलवर तीन दीडशे. एकच तळं, त्याच्या तीन लांब्या!

"यंत्र बिघडलंय," संपादक म्हणाले. "म्हातारं झालं बिचारं."

मावशीने मला भाचीच्या पट्ट्यावरून काढलं, क्षणभर तळहातावर धरलं आणि खणात ठेवून दिलं. संपलेल्या बॅटऱ्या, अर्धवट खोडरबर, एक कुलूप आणि दुसऱ्याच कुलपाची किल्ली, हे माझे नवे सोबती. अंधारात पडल्या पडल्या मी हिशेब मांडत राहिलो. मी खोटं बोललो नव्हतो. मग वेडा झालो होतो का? वेड्याला आपण वेडे झालोय हे कळतं का? मला काहीच सुचेना. मी देवाला एवढंच म्हणालो, माझ्याकडून कोणाची वाट चुकली असेल तर ती तू सरळ कर.

तिसऱ्या दिवशी बाहेर एक अनोळखी आवाज आला. एक निवृत्त शिंपीकाका अकरावी आवृत्ती हातात घेऊन आले होते. तिची पानं इतकी हाताळलेली की कोपरे गोल झाले होते.

"बाई, एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी मला साडेतीन किलोमीटरच्या पुढे बंदी केलीय. हृदय, दुसरं काय. तळ्याची फेरी तेवढी माझी राहिलीय. छापखान्यात कळलं, ती आता पावणेचार झाली म्हणून. म्हणजे आता माझं तळं सुटलं का हो?"

भाचीने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळी हकिगत सांगितली. तीन आकडे, मोबाइल, बिघडलेलं यंत्र.

शिंपीकाका खुदकन हसले. "आमच्या दुकानात हे रोजचंच होतं पोरी. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, कापड आटलं, टेप खोटी. मी म्हणायचो, साहेब, टेपेला नंतर शिव्या द्या, आधी जरा पोट बघू या."

भाचीही हसली आणि हसता हसता थांबली. तिने खण उघडला. उजेड आला. मला घेऊन ती बोळात गेली.

"मावशी, जरा इकडे ये ना. या रेघेपासून दहा पावलं चाल."

"आत्ता? पाहुणे आलेत घरी."

"चाल ना गं. माझ्यासाठी."

मावशी पहिल्या लाल रेघेशी उभी राहिली आणि चालू लागली. भाची मोजत होती. आठ, नऊ, दहा. मावशी थांबली. दुसरी रेघ अजून चार लाद्या पुढे होती.

मावशी त्या चार लाद्यांकडे बघत राहिली.

"किती दिवस दुखतोय?" भाचीने हळूच विचारलं.

"दीड वर्ष," मावशी भिंतीला टेकली. "लोकांना चाला चाला म्हणून सांगणारी मी. माझाच गुडघा गेला हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"अगं, मला तरी सांगायचंस!" भाचीने तिचा हात धरला. शिंपीकाकांनी उठून खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बसा बाई. मापच बदललंय. माणूस तोच आहे."

त्याच आठवड्यात दवाखाना झाला. डॉक्टर रागावले आणि मग म्हणाले, आणखी वर्षभर लपवलं असतं तर चालणंच बंद झालं असतं. व्यायाम दिले, काठी दिली. भाचीने छापखान्यात निरोप धाडला. बारावी आवृत्ती जुन्याच आकड्यांनी छापली गेली. फक्त मावशीने तळ्याच्या पानावर स्वतः एक ओळ वाढवली: 'आखूड पावलांना एक तास लागेल, वाटेत चार बाकं आहेत, बसायला लाजू नका.' संपादकांनी त्या ओळीला टाचणी टोचली नाही. शिंपीकाकांचं तळं शिंपीकाकांकडेच राहिलं.

आणि माझा स्क्रू? मावशीने तो स्वतः फिरवला. म्हणाली, "आता अठ्ठावन्न, बरं का. तुला उगीच बोल लागला. मला क्षमा कर."

मित्रांनो, तरीही माझा गोंधळ पुरता फिटलेला नाही. मी चुकलो नव्हतो, रस्ता चुकला नव्हता, मावशीचे पायही प्रामाणिकपणे चालत होते. मग आकडा चुकला कोणाचा? हे मला अजून उलगडत नाही. पण एक विनंती करतो. तुमच्या घरातलं एखादं जुनं यंत्र भलतंच काही सांगू लागलं तर त्याला जरूर तेल द्या, पुसा, तपासा. आणि खणात टाकण्याआधी ते ज्याच्या कमरेला आहे, हाताला आहे, त्या माणसाकडेही एकदा नीट बघा. तो पूर्वी गुणगुणायचा का, हे आठवून बघा.

आज सकाळी मावशी खुर्चीत बसून पाय उचलण्याचा व्यायाम करत होती. मी तिच्या पट्ट्यावर होतो. अचानक ती गुणगुणायला लागली आणि बसल्या जागी डोलली. माझा लोलक टिक्‌ टिक्‌ करायला लागला. ती चालत नाही हे मला कळत होतं. तरी मी काटा पुढे ढकलला.