गेंडा आणि कुळव

दिल्ली छावणीतल्या क्वार्टरच्या खिडकीत सकाळ सावकाश उतरत होती. आधी कडुनिंबाचा शेंडा उजळला, मग कूलरच्या पत्र्यावर पिवळट तिरीप टेकली, आणि धुळीनं मळलेला तो उजेड अखेरीस खंडेरावांच्या पायांपाशी येऊन बसला. माणदेशात याच उजेडात त्यांनी साठ वर्षं औत धरलं होतं.

"पेरणी तोंडावर आलीया. मला गाडीत बसवून दे," ते सुनेला म्हणाले.

"आबा, आधी आजची स्मरणशक्तीची तपासणी होऊ द्या," अर्पिता म्हणाली.

"कसली तपासनी! मागल्या बारीला त्या बाईनं हिंदीत इचारत गेंडा दावला. आमच्या शिवारात गेंडा कुठला? म्या म्हनलं, रानडुकराचा चुलता. तिनं दिला भोपळा. मग म्हनली, घड्याळ काढा. जल्मात पेन्शील धरली न्हाई म्या!"

बुटाची नाडी बांधता बांधता त्यांच्या लेकाला, पृथ्वीराजला हसू फुटलं. "म्हणून तर आज मराठी मॅडम शोधलीय, आबा. पास व्हा, तिकीट मीच काढतो."

"आन् न्हाई झालो, तर जमीन वाट्यानं देनार आन् मला हितं दावनीला बांधनार. वळखतो तुमचा कावा! एकडाव रानात वाट चुकलो, तर येडा ठरलो व्हय? चकवा लागला हुता."

लेकानं दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. तेही खंडेरावांना ठरवून केल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात कृतिका नावाची, दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी होती. "बसा आजोबा. गेंडा बिल्कुल नाही दाखवणार." तिनं शेतीच्या एका अवजाराचं चित्र पुढे सरकवलं.

"कुळव," खंडेराव गुरकावले. "तुला तरी ठावं हाय का?"

"मागच्या आठवड्यापर्यंत मीही नापासच होते."

खंडेराव हसले, पण नजर तिच्या कागदावरच होती. घड्याळाऐवजी तिनं बैल जुंपण्याची रीत विचारली. ती त्यांनी हातवारे करून, जू मानेवर असल्यासारखी सांगितली. शेजारी बसलेल्या पृथ्वीराजचा चेहरा उजळला.

"अच्छा, आता पावसाची नक्षत्रं. क्रमानं."

"ह्ये तर शेंबडं पोर बी सांगंल. रोहिणी, मृग, आर्द्रा..."

पंखा फिरत राहिला. खंडेरावांनी कृतिकाकडे रोखून पाहिलं, प्रश्नात कुठे खोट आहे ते शोधलं. खोट नव्हती. प्रश्न त्यांच्याच बांधावरचा होता.

"आर्द्रा..." ते पुन्हा म्हणाले.

पृथ्वीराजनं मान खाली घातली.

खंडेरावांना पुढचं आठवत नव्हतं.